सियेरा नेवादात मार्चअखेर स्कीइंगच्या नवशिक्यांसाठी सकाळ बरी की दुपार? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, आम्ही जर्मनीत राहतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस स्पेनच्या सियेरा नेवादाला जाणार आहोत. मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक, तिघंही स्कीइंगला अगदी नवखे. सोबत आई आहे, वय ७१. ती स्की करणार नाही, पण बर्फ बघत उन्हात बसायची तिला फार हौस आहे.

मुक्काम उतारांच्या पायथ्याच्या गावात, प्रादोयानोत, म्हणजे २१०० मीटरवर. गाडी नाही, ग्रॅनडाहून बसने वर येऊ. शिकवणी गोंडोल्याने (बंद पाळण्यांच्या रोपवेने) वर जाऊन बोरेगिलेसला असते, हे माहीत आहे. स्की, बूट, हेल्मेट तिथेच भाड्याने घेणार.

अडचण बर्फाची. एवढ्या दक्षिणेला वसंतातलं ऊन कडक. रात्री गोठलेला बर्फ सकाळी काचेसारखा टणक आणि दुपारी पाणचट, जड होतो असं वाचलं. लेक एकदा पडून घाबरली तर पुन्हा उभी राहणार नाही, म्हणून ही काळजी. स्की-शाळेला विचारलं तर "सगळ्या वेळा चांगल्या" एवढंच उत्तर आलं. हवामानाचे अंदाज रोज बघतेय, पण त्यावरून उतारावरचा बर्फ कळत नाही. दुसरं ठिकाण सुचवू नका, तिकिटं काढून झाली आहेत.

मार्चअखेर तिथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा: दोन तासांची शिकवणी सकाळी दहाची घ्यावी की बाराची? आणि बोरेगिलेसला आईला दोन-तीन तास वाऱ्याच्या आडोशाला बसता येईल अशी जागा आहे का?