सरपंच बाई, खुर्चीत यजमान: निम्म्या जागांनी काय साधलं?

रानवाट: परवा आमच्याकडे ग्रामसभा झाली. सरपंचबाई कडेला पदर सावरून बसलेल्या, खुर्चीत त्यांचे यजमान. विषय त्यांनीच वाचले, बाईंनी फक्त सह्या केल्या. ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत बायकांना एकतृतीयांश जागा दिल्या, २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. कारभार मात्र यजमानांच्याच हातात. आधी बायकांना तयार करा, मग जागा वाढवा.

ओवी: तयार कोण करणार? पुरुष सरपंचांना कुणी परीक्षेला बसवलं होतं? १९८९ मध्ये, हा कायदा यायच्या आधी, जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला अख्खी ग्रामपंचायतच बायकांची निवडून आली होती.

रानवाट: विटनेरच्या पाठीशी शेतकरी संघटनेची चळवळ होती. आमच्याकडे आरक्षणाची सोडत निघते आणि रातोरात घरातली बाई उभी करतात. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नका.

पाणंद: मी स्वतः पाच वर्षं सदस्य होते, म्हणून लिहिते. मलाही घरच्यांनीच उभं केलं होतं. पहिलं वर्ष नुसतं दप्तर समजण्यात गेलं. वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा असतो, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. मग मी मासिक सभेत त्याचा हिशोब मागायला लागले. पहिल्यांदा मागितला तेव्हा हात थरथरत होते. वस्तीवर नळ आला. तोवर मुदत संपली, सोडतीत वॉर्ड सर्वसाधारण झाला आणि पॅनलवाले म्हणाले, "वहिनी, आता तुमचं झालं." सर्वसाधारण जागेवर बाईला उभं राहता येतं, पण तिकीट देतो कोण? कामात हात बसला आणि मला घरी बसवलं. रानवाट, तयार झालेल्या बाईचं हे असं होतं.

बांधावरून: पण म्हणून आरक्षण एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात फिरवायचंच नाही का? मग बाकीच्या वॉर्डांतल्या बायकांनी काय करायचं?

पाणंद: फिरवा, पण निदान दोन मुदतींनी.

ओवी: आणि बाई खुर्चीत बसली तरी सुटका नाही. जळगाव जिल्ह्यातल्याच विचखेडा गावच्या सरपंचबाईंना अपात्र ठरवलं होतं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पद परत दिलं. बाई सरपंच झाल्याचं गावाला पचलं नाही, असं न्यायालयानेच नोंदवलं.

रानवाट: पाणंदताई, दोन मुदतींचं पटलं. जागा वाढवण्याबद्दल माझं मत अजून तेच आहे. पण पुढच्या ग्रामसभेत यजमानांना खुर्चीवरून उठा म्हणून मी सांगणार.

पाणंद: त्याआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. ती खरोखर भरते का, तेही विचारा. आमच्याकडे कित्येकदा नुसतं रजिस्टर घरोघर फिरायचं.