गाडी ‘स्लिप’ झाली की ‘स्किड’?

घाटकरी:
परवा ऑफिसातला एक पोरगा लंगडत आला. म्हणे, "वळणावर गाडी स्किड झाली." कोपर सोललेलं, गाडीचा आरसा फुटलेला. ब्रेक दाबलाच नव्हता, हेही तोच सांगतोय. वळणावर डंपरमधून सांडलेली वाळू होती. अरे, मग ती स्लिप झाली! ब्रेकने चाक जाम होतं आणि गाडी तशीच घासत पुढे जाते, डांबरावर काळा पट्टा उठतो, ती स्किड. टायरखालची पकडच गेली आणि गाडी आडवी झाली, ती स्लिप. उसने घेतलेले शब्द निदान नीट तरी वापरा.

टायर_ट्यूब:
साफ चूक. टायरच्या शास्त्रात स्लिप म्हणजे अपघात नव्हेच. ब्रेक मारला की चाक गाडीच्या वेगापेक्षा जरा हळू फिरतं, त्या फरकाला स्लिप म्हणतात. कोरड्या डांबरावर साधारण १० ते २० टक्के स्लिपला पकड सगळ्यात जास्त असते. चाक पूर्ण जाम झालं की स्लिप १०० टक्के आणि पकड उलट कमी. म्हणजे तुमची स्किड हे स्लिपचंच शेवटचं टोक.

पावशेर_शहाणी:
शास्त्र राहू द्या, रस्त्यावर काय बोलतात ते बघा. "स्लिप झाली" म्हटलं की आई विचारते, "लागलं का रे?" "स्किड झाली" म्हटलं की, "कुणाला ठोकलीस?" दुचाकी स्लिप होते, चारचाकी स्किड. आणि आपल्याकडे माणूसही स्लिप होतो, "काल मी स्लिप झालो." "मी स्किड झालो" कधी ऐकलंय?

घाटकरी:
दुचाकी स्किड होत नाही? ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक करकचून दाबून बघा. नको, बघू नका. चाक जाम झालं की हँडल ऐकत नाही, डोळ्याचं पातं लवायच्या आत माणूस खाली. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाक्यांना एबीएस सक्तीचं झालं, ते चाक जाम होऊ नये म्हणूनच ना?

अण्णा_सातारकर:
सरळ ‘घसरली’ म्हणा की! पाय घसरतो, जीभ घसरते, भाव घसरतात, रेल्वेचे डबे घसरतात. दुचाकीनंच काय घोडं मारलंय?

टायर_ट्यूब:
अण्णा, ब्रेकने घसरली की वाळूने, ते त्यात कुठे कळतं?

पावशेर_शहाणी:
तरी पेपरातल्या ‘चालकाचा ताबा सुटल्याने’पेक्षा बरं. वाळू सांडणार डंपरवाला, ताबा सुटणार चालकाचा! बरं घाटकरी, त्या पोराने धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का?

घाटकरी:
घेतलं. वाळूचं सगळं समजावूनही सांगितलं. तरी कँटीनमध्ये अजून स्किडच सांगतोय. "सर, स्लिप म्हटलं की लोकांना वाटतं गाडी चालवता येत नाही."