जँगो ४.२ वरून ५.२: आधी काय वापरायला घ्यावं?

मंडळी, मदत हवी आहे. आमचा प्रोजेक्ट जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) ४.२ वरून ५.२ वर नेतोय. दोन्ही एलटीएस, म्हणजे जास्त काळ सपोर्ट मिळणाऱ्या आवृत्त्या, त्यामुळे मधल्या आवृत्त्यांतलंही सगळं एकदमच पदरात पडतंय. आधी कशाला हात घालायचा, यावर टीममध्ये एकमत नाही. आमचे सिनिअर म्हणतात असिंक, म्हणजे एका कामाची वाट बघताना दुसरं काम चालू ठेवणारा कोड. मला डिसेंबर २०२३ च्या ५.० मधले जनरेटेडफील्ड (सूत्रावरून डेटाबेसच भरतो तो कॉलम) आणि डीबी_डिफॉल्ट (डेटाबेसमध्येच ठेवलेलं डिफॉल्ट मूल्य) सगळ्यात मोलाचे वाटतात.

बिलाच्या ओळीत नग, दर आणि रक्कम आहे. रक्कम आम्ही सेव्ह मेथडमध्ये, म्हणजे एकेक नोंद साठवताना चालणाऱ्या कोडमध्ये काढतो. पण कुणी क्वेरीसेटवर (एकदम अनेक नोंदींवर) थेट अपडेट चालवलं की सेव्ह चालतच नाही. दर बदलतो, रक्कम जुनीच. जनरेटेडफील्ड असेल तर हा हिशेब डेटाबेसच करणार, मग डेटा कुठूनही बदलो.

डीबी_डिफॉल्टचं महत्त्व डिप्लॉय करताना कळतं. नवा नॉट नल (रिकामा चालत नाही असा) कॉलम घातला की साधा डिफॉल्ट फक्त मायग्रेशनपुरता (टेबलाची रचना बदलेपर्यंत) डेटाबेसमध्ये राहतो. तेव्हा एखाद्या सर्व्हरवर जुना कोड चालू असेल तर त्याचे इन्सर्ट फेल होतात. डीबी_डिफॉल्ट कॉलमवर कायम असतो, त्यामुळे जुना कोडही निभावून जातो.

जँगोच्या शेलमध्ये (कमांड देऊन कोड चालवायची खिडकी) मॉडेल्स, म्हणजे टेबलांचे क्लास, आपोआप इम्पोर्ट होतात तेही छानच, पण त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

आता प्रश्न. ट्रान्झॅक्शन असिंकमध्ये चालत नाहीत आणि आमचं बिलिंग सगळं अॅटॉमिकवर (सगळे बदल एकत्र होतील, नाहीतर एकही नाही, अशा ट्रान्झॅक्शनवर) उभं आहे. मग असिंकला प्राधान्य द्यावं का? आणि ५.२ मधली कंपोझिट प्रायमरी की (एकाहून जास्त कॉलम मिळून नोंदीची ओळख) कितपत वापरण्याजोगी आहे?

प्रतिसाद १
व्ह्यू (रिक्वेस्टला उत्तर देणारा कोड) बाहेरच्या एपीआयची वाट बघत बसत असेल तर असिंकचा खरा फायदा. बिलिंगला हात लावू नका. कंपोझिट की असलेलं मॉडेल जँगोच्या तयार अॅडमिन पॅनेलमध्ये रजिस्टर होत नाही, त्याकडे फॉरेन कीही (दुसऱ्या टेबलातून जोडणारा दुवा) लावता येत नाही. सध्या थांबा.

प्रतिसाद २
जनरेटेडफील्डला माझंही मत, पण दोन गोष्टी बघून घ्या. सूत्रात त्याच टेबलातले कॉलम चालतात. कराचा दर दुसऱ्या टेबलात असेल तर जमणार नाही. आणि सूत्र नंतर बदलायचं झालं तर फील्ड काढून नव्याने घालावं लागतं.

धागाकर्ता
दोघांचे आभार. कराचा दर आमच्याकडे वेगळ्या टेबलातच आहे. बिल करताना तो ओळीत कॉपी करून ठेवला तर? जुन्या बिलांचा दर तसाही बदलायला नकोच. असं कुणी केलंय का?