शेळ्या-मेंढ्या एकाच वाड्यात, खुराक वेगळा कसा ठेवायचा?

प्रश्न: शैक्षणिक प्राणिसंग्रहालयात शेळ्या-मेंढ्या माझ्याकडे आहेत. सकाळी लेंड्या झाडणं, पाणी बदलणं, खूर बघणं, मग मुलांचे गट येतात. शेळ्यांच्या खुराकात तांबं असतं आणि मेंढ्याही त्यात तोंड घालतात. चालेल का?

उत्तर: अजिबात नाही, आजच थांबवा. मेंढीच्या यकृतात तांबं साठत जातं. बरेच दिवस बाहेरून काही दिसत नाही, मग अचानक लघवी लालसर-काळी, डोळे पिवळे, आणि तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. मी खुराकाच्या वेळी शेळ्यांना वेगळ्या कप्प्यात घेते, गव्हाण रिकामी झाली की मगच फाटक उघडते. खनिज चाटणाच्या विटेवरही नजर ठेवा, शेळ्यांची वीट मेंढ्यांसमोर नको.

दुसरं उत्तर: मुलांच्या हातात पाव किंवा धान्य देऊ नका. जास्त झालं की पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतं, जनावर दगावूही शकतं. पालाच द्या. नंतर हात साबण-पाण्यानेच धुवायचे, नुसत्या जेलवर भागत नाही.

प्रश्नकर्ता: कप्पा आजच करतो. गाभण शेळीला मुलांपासून कधी वेगळं काढता?