मदत हवी आहे: गिट वर्कट्री आणि नोड मॉड्यूल्स

रिलीज, हॉटफिक्स आणि चालू फीचर अशा गिटमधल्या तीन ब्रँच (कोडच्या समांतर आवृत्त्या) एकाच वेळी उघड्या लागतात. सारखं स्टॅश करण्याला (अर्धवट बदल बाजूला ठेवण्याला) कंटाळून ‘गिट वर्कट्री ॲड’ने प्रत्येक ब्रँचला वेगळा फोल्डर केला. कोडपुरतं झकास चालतं, पण गिटइग्नोरमधलं (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीतलं) काहीच नव्या फोल्डरात येत नाही. एन्व्ह फाइलला (सेटिंग्जची फाइल) सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलकडे बोट दाखवणारी लिंक, दिली, ते मिटलं. नोड मॉड्यूल्सलाही (इन्स्टॉल केलेल्या पॅकेजेसचा फोल्डर) दिली, पण प्रत्येक ब्रँचची लॉकफाइल (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) वेगळी; एकीकडे इन्स्टॉल केलं की दुसरीकडचं बिल्ड मोडतं.

उबंटू, लहान एसएसडी, त्यामुळे तीन पूर्ण प्रती परवडत नाहीत. पीएनपीएम (पॅकेजेस एकाच जागी ठेवून जागा वाचवणारं टूल) नको, टीम एनपीएम या नोडच्या नेहमीच्या पॅकेज टूलवरच आहे (माझं चाललं असतं तर कधीच बदललं असतं).

लॉकफाइलनुसार इन्स्टॉल करणारं ‘एनपीएम सीआय’ आधी नोड मॉड्यूल्समधलं सगळं पुसतं, म्हणून ते बाद. मग ‘सीपी’ने नोड मॉड्यूल्सची हार्डलिंकवाली प्रत (डिस्कवरचा डेटा तोच, फक्त नाव दुसरं) घेऊन तिच्यावर ‘एनपीएम इन्स्टॉल’ चालवलं, तर मूळ फोल्डरातल्या फाइली बदलण्याचा धोका आहे का?