नागपूर भागात हुमणीसाठी कीडनाशक सूत्रकृमी: मातीतून वेगळे करणं, वाढवणं, सोडणं

बांधावरची_लॅब

नमस्कार मंडळी. काटोल-नरखेड पट्ट्यात संत्र्याच्या नव्या बागांत आणि शेजारच्या सोयाबीनमध्ये हुमणीचा, म्हणजे मुळं खाणाऱ्या पांढऱ्या अळीचा, त्रास आहे. आमच्या शेतकरी गटाच्या ट्रायकोकार्ड (मित्रकीटकांच्या कार्डांच्या) युनिटमध्ये बीओडी इन्क्युबेटर (तापमान ठरवता येणारं कपाट), स्टिरिओ मायक्रोस्कोप आणि कोरसायराचं (तांदळाच्या पतंगाचं) कल्चर तयार आहे. तिथेच स्थानिक मातीतले कीडनाशक सूत्रकृमी, म्हणजे किडीच्या अळीत शिरून तिला मारणारे सूक्ष्म कृमी, वेगळे करून वाढवायचा विचार आहे.

माती कुठून आणि कधी घ्यावी? कोरसायराच्या अळ्यांवर काम भागेल का? प्राथमिक चाचणीत काही अळ्या लालसर झाल्या, पण बऱ्याच काळ्या पडून पाणी सुटलं आणि वास आला. त्यातून काहीच निघालं नाही, असं का? तयार झालेले सूत्रकृमी घरच्या फ्रिजमध्ये ठेवता येतील का? आणि आमच्या भारी काळ्या जमिनीत ते चालतात तरी का?

मुळाखालचं_जग

मातीपासून सुरुवात करू. एप्रिल-मेमध्ये नमुने घेऊ नका, वरची माती तापून कोरडी झालेली असते. सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. जुन्या बागेच्या सावलीतलं आळं, नाल्याकाठची पोयट्याची जमीन, जिथे रासायनिक औषध कमी पडलंय अशा जागा निवडा. एका जागेवर पाच ठिकाणी 15 ते 20 सेंमी खोल खणून माती एकत्र करा आणि डब्यात 250 ग्रॅम भरा. पुढच्या जागेवर जाण्याआधी खुरपं 70 टक्के अल्कोहोलने पुसा, नाहीतर एकाच शेतातले सूत्रकृमी सगळ्या गावात 'सापडतात'.

बेडिंग आणि एखर्स्ट यांची 1975 ची गॅलेरिया (मेणपतंग) आमिषाची पद्धतच आजही सगळे वापरतात. मेणपतंगाच्या शेवटच्या अवस्थेतल्या पाच अळ्या जाळीच्या पुडीत घालून मातीत ठेवायच्या, डबा उलटा करायचा, 25 ते 28 अंशांवर ठेवायचा आणि पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत तपासत राहायचं. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पाणी सुटू नये.

मेलेल्या अळीचा रंग बघा, त्यावरून सूत्रकृमी दोनपैकी कोणत्या गटातला ते कळतं. विटकरी लाल म्हणजे बहुधा हेटेरोऱ्हॅब्डायटिस, पिवळट-तपकिरी किंवा राखाडी म्हणजे बहुधा स्टाइनरनेमा. रंग सूत्रकृमीच्या पोटातल्या जिवाणूंमुळे येतो. खरं मारण्याचं काम तेच करतात आणि अळी साधारण 24 ते 48 तासांत मरते. हेटेरोऱ्हॅब्डायटिसचा जिवाणू फोटोऱ्हॅब्डस असतो. अंधाऱ्या खोलीत डोळे दहा मिनिटं सरावू द्या, ताज्या मेलेल्या अळीचा मंद उजेड दिसतो. खात्री करायची ही फुकटची चाचणी आहे.

हेटेरोऱ्हॅब्डायटिसची पहिली पिढी उभयलिंगी असते, त्यामुळे एकच पिल्लू शिरलं तरी प्रजा होते. स्टाइनरनेमाच्या बहुतेक जातींना नर-मादी दोन्ही लागतात. अळी मेली, रंग बरोबर आला आणि तरी बाहेर काही आलं नाही, तर हे कारण लक्षात ठेवा.

गॅलेरिया_डबा

काळ्या अळ्यांबद्दल. काळा रंग, पाणी सुटणं आणि दुर्गंधी म्हणजे दुसरे जिवाणू जिंकले. सूत्रकृमीने मेलेली अळी लिबलिबीत होते पण कुजत नाही, कातडी शाबूत राहते. कारणं सहसा चारच. एक, प्लेटमध्ये पाणी जास्त. 9 सेंमीच्या पेट्री प्लेटमधल्या फिल्टर पेपरला 1 मिली पुरतं, अळ्या पाण्यात पोहता कामा नयेत. दोन, एका अळीमागे हजारांनी सूत्रकृमी. 50 ते 100 भरपूर झाले, जास्त शिरले की कातडी फाटते आणि आतली गर्दी प्रजा घटवते. तीन, खोलीचं तापमान 32 च्या वर. चार, सूत्रकृमी न धुता वापरणं. 0.1 टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये थोडा वेळ ठेवून निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा.

संसर्गानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी फक्त योग्य रंगाच्या, स्वच्छ अळ्या उचलून व्हाइट ट्रॅपवर ठेवा. काळ्या एकाही ठेवू नका, एक सडकी अळी पूर्ण ट्रॅप नासवते. व्हाइट यांनी 1927 मध्ये दिलेली ही रचना थोड्याफार फरकाने आजही वापरतात. मोठ्या डब्यात अर्धा सेंमी पाणी, मध्ये छोटी प्लेट उलटी, तिच्यावर फिल्टर पेपर अंथरून त्याच्या कडा पाण्याला टेकवायच्या, वर अळ्या एकमेकींना न चिकटवता. तिसऱ्या अवस्थेतली संसर्गक्षम पिल्लं, म्हणजे आयजे, आपण होऊन पाण्यात उतरतात. स्टाइनरनेमात आठव्या-दहाव्या दिवशी, हेटेरोऱ्हॅब्डायटिसमध्ये दहाव्या ते चौदाव्या दिवशी. दर दोन दिवसांनी पाणी काढा, तासभर स्थिर ठेवा, वरचं गढूळ पाणी ओतून द्या, नवं घाला. पाणी नितळ होईपर्यंत हेच.

कोरसायराने भागणार नाही. ती जगवते, पण अळी लहान, त्यामुळे उतारा फारच कमी. गॅलेरियाच्या एका जाड अळीतून एक ते साडेतीन लाख आयजे मिळू शकतात. हिशेब मात्र दीड लाखानेच धरा. खाद्य: मक्याचं पीठ 200 ग्रॅम, गव्हाचं पीठ, कोंडा आणि दूधपावडर प्रत्येकी 100, यीस्ट 50, आणि ओलं होऊन भुरभुरीत राहील इतकं मध-ग्लिसरीन. डब्याला तारेची बारीक जाळी लावा, प्लास्टिकची जाळी त्या कुरतडून बाहेर येतात. जवळ मधपेट्या असतील तर एकही पतंग निसटू देऊ नका, मेणपतंग हाच पोळ्यांचा शत्रू.

वाफसा_बघून

आता जमीन. प्रश्नातला शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे आणि बहुतेक प्रयोग तिथेच फसतात.

सूत्रकृमी मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून सरकतात आणि त्यांना हवा लागते. काळ्या जमिनीत चिकणमाती जास्त, पोकळ्या बारीक. झडीचा पाऊस लागून पाणी साचलं की प्राणवायू संपतो, उघडीप लांबली की भेगा पडतात आणि वरचा थर वाळतो. म्हणजे हेक्टरी डोस किती यापेक्षा वाफशावर सोडले का, हे आधी विचारा. मुरमाड किंवा पोयट्याच्या जमिनीत निकाल चांगला येतो, भारी जमिनीत त्याच डोसचा निकाल कमी दिसणार हे गृहीत धरा.

हुमणीचे भुंगेरे वळवाच्या आणि मृगाच्या पहिल्या पावसानंतर निघतात, संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर जमतात, मग मातीत अंडी घालतात. सूत्रकृमींसाठी दुसऱ्या अवस्थेतली अळी गाठायची, म्हणजे जुलैचा दुसरा पंधरवडा ते ऑगस्टचा मध्य. तिसऱ्या अवस्थेतली जाड अळी दाद देत नाही: तिच्या श्वसनछिद्रांवर चाळणीसारखं आवरण असतं आणि वारंवार विष्ठा टाकून ती शिरलेले सूत्रकृमी बाहेर ढकलते.

जात निवडताना हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका घ्या. ही जात कोइमतूरच्या मातीतून मिळाली आणि 1992 मध्ये पॉइनार, करुणाकर, डेव्हिड यांनी तिचं वर्णन केलं. उष्णता सोसते, शिकार शोधत फिरते आणि पुढच्या दातामुळे पातळ कातडीतूनही घुसू शकते. स्टाइनरनेमा कार्पोकॅप्सी वरच्या थरात दबा धरून बसते, खोल बसलेल्या हुमणीला तिचा उपयोग कमी.

हिशेब. सर्वसाधारण डोस चौरस सेंमीला 25 आयजे, म्हणजे हेक्टरी 250 कोटी. अळीमागे दीड लाख धरले तर हेक्टरला जवळपास 16,700 गॅलेरिया अळ्या. ट्रायकोकार्ड युनिटच्या आवाक्यातलं हे नाही. संत्र्याच्या आळ्यापुरतं करा: 1 मीटर त्रिज्येचं आळं म्हणजे 31,400 चौरस सेंमी, झाडामागे सुमारे 8 लाख आयजे. 6 बाय 6 मीटरवर हेक्टरी 277 झाडं, एकूण 22 कोटी, अळ्या साधारण 1,450. हे जमतं. सोयाबीनमध्ये जिथे झाडं पिवळी पडून उपटली जातात तेवढेच पट्टे धरा.

झाडाला 3 लिटर पाण्यातून द्या आणि लगेच वरून 20 लिटर साधं पाणी, म्हणजे ते खाली उतरतील. वेळ सूर्य मावळल्यावरची. उन्हातले अतिनील किरण त्यांना काही मिनिटांत मारतात. पंपाची बारीक गाळणी आणि नोझल काढा, द्रावण सतत हलवत राहा, ते तळाशी बसतात. ठिबकमधून सोडलं तर लॅटरलच्या (ठिबकच्या नळीच्या) टोकाकडच्या झाडांना कमी पोचतात, त्यामुळे हाताने ओतलेलं बरं. कार्बोफ्युरान, फ्लुओपायरम यांसारखी सूत्रकृमीनाशकं त्या आळ्यात पडलेली नसावीत. ताजं शेणखत आणि युरियाही त्याच वेळी नको.

मुळाखालचं_जग

वरच्या गणिताला एक जोड. उकिरड्यातल्या सगळ्या पांढऱ्या अळ्या हुमणी नसतात. अळी गुळगुळीत फरशीवर ठेवा. पाठीवर उलटी होऊन सरपटली तर ती फुलभुंगेऱ्याची, कुजलेलं खाणारी. तिच्यासाठी 8 लाख आयजे वाया घालवू नका.

आणि कार्पोकॅप्सीला इतकं मोडीत काढू नका. संत्र्याच्या फांदीच्या बेचक्यात साल खाणारी अळी दिवसा बोगद्यात दडते. बोगदा ओला, अंधारा, उन्हापासून सुरक्षित. दबा धरणाऱ्या जातीला असंच ठिकाण लागतं. चीनमध्ये खोड पोखरणाऱ्या होल्कोसेरस अळीवर बोगद्यात सोडून हीच जात वापरली गेली. विष्ठा-रेशमाची जाळी ब्रशने काढून सिरिंजने 5 मिली द्रावण आत सोडायचं, मिलीमागे 1,000 ते 2,000 आयजे, आणि ओल्या मातीने भोक लिंपायचं. पाच-दहा झाडांवर करून बघण्यासारखं आहे.

वाफसा_बघून

बोगद्यापुरतं मान्य. हुमणीच्या शेतात नाही.

बांधावरची_लॅब

मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या: साठवण, आणि जिवंत किती हे कसं मोजायचं?

गॅलेरिया_डबा

घरचा फ्रिज इंडिकासाठी नको. तो 4-5 अंशांवर चालतो आणि ही उष्ण प्रदेशातली जात 10 अंशांखाली मरायला लागते. बीओडी 15 अंशांवर लावा. रुंद तळाच्या डब्यात पाण्याचा थर 1 सेंमीपेक्षा उंच नको, मिलीमागे 1,000 ते 2,000 आयजे, झाकण सैल. पातळ स्पंजमध्ये भिजवून ठेवलं तर हवा आणखी चांगली मिळते. तरी दोन महिन्यांपेक्षा जास्त भरवसा धरू नका. म्हणून उलटं मोजा: जुलै अखेर सोडायचे तर संसर्ग जूनच्या अखेरीस, आणि गॅलेरियाची अंडी मेच्या तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा नागपुरात पारा 45 च्या आसपास असतो, गॅलेरियाची खोली थंड ठेवायची सोय आधी करा.

मोजणी: साठा हलवून 1 मिली घ्या, 100 मिली करा, 0.1 मिलीचे दहा थेंब मायक्रोस्कोपखाली मोजा. सरासरी 6 आली तर मूळ साठ्यात मिलीमागे 6,000, म्हणजे एका झाडाला सुमारे 130 मिली. हा साठा ठेवण्यासाठी दाट आहे, ठेवायचा असेल तर पातळ करा. सरळ पडलेला दिसला की मेलेला समजू नका. सुईने स्पर्श करा, हलला तर जिवंत. 80 टक्क्यांहून कमी जिवंत असतील तर तो साठा शेतात नेऊ नका, पाच-सहा गॅलेरियांवर टाकून नवा वाढवा. हेच बाजारातल्या पुडीलाही लागू: चिमूटभर पाण्यात घालून अर्धा तास थांबा, मग बघा.

शेतात नेताना थर्माकोलचा डबा, आईस पॅक वर्तमानपत्रात गुंडाळलेले, डब्याला थेट टेकवायचे नाहीत. सोडल्यानंतर 15 आणि 30 दिवसांनी 30 बाय 30 बाय 30 सेंमीचे खड्डे घेऊन जिवंत हुमणी मोजा, सोबत नुसतं पाणी दिलेली झाडं तुलनेला ठेवा. मेलेल्या शोधत बसू नका, पावसाळ्यात त्या आठवड्याभरात विरघळतात. त्याच खड्ड्यातली माती डब्यात घालून गॅलेरियाचं आमिष लावा. अळी लाल झाली तर सूत्रकृमी टिकलेत.