पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा उग्र वास, बाळाला द्यावं का?

सातारकरीण:
पाऊस लागल्यापासून नळाला गढूळ पाणी येतंय, वास तर असा की चूळ भरवत नाही. घरात आठ महिन्यांचं बाळ आहे. क्लोरीनमुळे ट्रायहॅलोमिथेन नावाची घातक रसायनं तयार होतात असं वाचलं. जाऊबाई म्हणतात, त्यापेक्षा आपल्या आडाचं पाणी बरं. काय करू?

निवृत्त_केमिस्ट:
ताई, आडाचं पाणी बाळाला नको, या दिवसांत तर मुळीच नको. जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केली आहे, म्हणून कळकळीनं सांगतो. तुम्ही वाचलंत ते खरं आहे. कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा अंश पाण्यात उतरतो, त्याच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्म वगैरे ट्रायहॅलोमिथेन तयार होतात. रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातले रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी हे 1974 साली दाखवून दिलं. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आपल्या आयएस 10500 मानकात क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला 0.2 मिलिग्रॅम आहे. जन्मभर रोज तेच पाणी प्यायल्याचा हिशेब धरून अशा मर्यादा ठरतात. आडाच्या दूषित पाण्यानं गॅस्ट्रो किंवा कावीळ मात्र एका पेल्यातूनही होऊ शकते.

खरा उपाय केंद्रातच व्हायला हवा. गढूळपणा वाढला की आम्ही जार टेस्ट लावायचो. सहा बीकरमध्ये तुरटीची मात्रा चढती ठेवायची, ढवळायचं आणि कशात गाळ लवकर धरून खाली बसतो ते बघायचं. आधी गाळ नीट बसवला, मग क्लोरीन दिलं, तर ही रसायनं बरीच कमी होतात.

घरी पाणी फडक्यानं गाळून, झाकण न ठेवता, खिडकी उघडी ठेवून पाचेक मिनिटं खळखळून उकळा. क्लोरोफॉर्म 61 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे बरंचसं उडून जातं. निवताना मात्र झाकण हवंच.

माणदेशी:
आमच्याकडे आरओ आहे. मग काळजी नाही ना?

निवृत्त_केमिस्ट:
क्लोरोफॉर्म पकडण्याचं मुख्य काम त्यातला कार्बन फिल्टर करतो, मेंब्रेन म्हणजे बारीक छिद्रांचा पडदा नव्हे. कार्बन वेळेवर बदलला नाही तर उपयोग नाही. नुसत्या यूव्हीनं तर ही रसायनं जात नाहीत. आणि कार्बन क्लोरीनही काढून टाकतो, म्हणून गाळलेलं पाणी दिवसचे दिवस भरून ठेवू नका.

सातारकरीण:
बाळाला उकळूनच देते. पण काका, वास गेला म्हणजे ही रसायनंही गेली असं समजायचं का?

निवृत्त_केमिस्ट:
नाही. उग्र वास बहुतेक वेळा क्लोरामाइनचा असतो, क्लोरीन आणि पाण्यातला अमोनिया मिळून झालेला. ट्रायहॅलोमिथेन इतकं कमी असतं की नाकाला कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. उलट ऐन पावसाळ्यात नळाच्या पाण्याचा वास एकदम नाहीसा झाला तर ओटी टेस्ट, म्हणजे शिल्लक क्लोरीनची चाचणी, करून घ्या. ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं नाही, तर क्लोरीन शिल्लक नाही. नळाशी ते लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवं. नसेल तर त्याच दिवशी पाणीपुरवठा विभागाला कळवा.